रविवारी नाही, आजच

दादा,

परदेशातल्या नव्या नोकरीवर मी निघाले. विमान रविवारचं आहे असं तुला मुद्दाम खोटं सांगितलं होतं.

परवा बॅगेचं कुलूप शोधायला तुझं कपाट उघडलं, तर स्वेटरखाली माझ्या नावाचं पाकीट सापडलं. चार वर्षांपूर्वी परदेशातल्या हॉस्पिटलने मला नर्सची नोकरी दिल्याचं पत्र, तूच फोडलेलं. तेव्हा मी रोज टपालाची वाट बघायचे आणि तू म्हणायचास, "नशिबात नसेल गं."

आता तुझ्या नशिबातलं ऐक. आईला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, नाहीतर पाठीला जखमा होतात. गोळी दुधातून नको, ओकून टाकते. तू कामावरून येईपर्यंत शेजारच्या काकू बसल्यात, पण फक्त आजच्या दिवस. मित्रांबरोबरची तुझी सहल मी फोन करून रद्द केली. "आईमुळे जमणार नाही," म्हटलं. हे वाक्य मला पाठच आहे.

तू लपवलेलं ते पत्र आईला वाचून दाखवलंय, तेव्हा तिच्यापाशी सारवासारव करू नकोस. ऐकून ती म्हणाली, "तू जा."

माझा तिकडचा नंबर तिच्याकडे आहे. तुला द्यायचा की नाही, ते ती ठरवेल.