डावं चाक

५ मार्च
गाडीच्या चाकातून घूंऽऽ असा आवाज येतोय. वेगाबरोबर वाढतो. ही म्हणाली, गॅरेजला दाखवा. मी म्हटलं, गॅरेजवालाही कानानेच ऐकणार ना? कान मलाही आहेत. उद्यापासून शास्त्रशुद्ध निदान.

६ मार्च
टायरमधली हवा तपासली. ठीक. खाचेत अडकलेला खडा काढला. आवाज तसाच. पण खडा निघाला, हेही काही कमी नाही.

९ मार्च
व्हिडिओ पाहिला. वळताना आवाज बदलला तर बेअरिंग गेलं समजायचं. मोकळ्या रस्त्यावर ट्रायल घेतली. डावीकडे वळलं की वाढतो. म्हणजे डावं चाक. विषय संपला. मागे बसलेली लेक म्हणाली, बाबा, मला उजवीकडून ऐकू येतोय. बंद गाडीत आवाज फसवतो, हे तिला समजावलं.

१२ मार्च
डावं बेअरिंग बदलून घेतलं. मेकॅनिक म्हणत होता, दोन्ही चाकं उचलून बघू. म्हटलं, सांगितलंय तेवढं करा.

१३ मार्च
आवाज आहे. नवीन पार्ट रुळायला वेळ घेणारच.

१७ मार्च
आता घरघर. स्टिअरिंगही जरा थरथरतं. रेडिओ लावला की जाणवत नाही. ही गाडीत बसायला तयार नाही, बसने गेली. हट्टी बाई.

२० मार्च
लेकीचा उद्या इंटरव्ह्यू, हायवेवरच्या कारखान्यात. ती बसनेच जाणार होती. मीच किल्ली हातात दिली. नक्की चालेल ना, बाबा? म्हटलं, मी आहे ना. ही स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही.

२१ मार्च, दुपारी
चाक जाम झालं. गाडी दुभाजकावर. मागच्या ट्रकने कसाबसा ब्रेक मारला म्हणे. लेकीचा खांदा आणि मांडीचं हाड. ऑपरेशन चालू आहे. ही माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसलीय.

२२ मार्च
मेकॅनिकचा फोन. उजवं बेअरिंग जळून गेलंय. गाडी डावीकडे वळली की भार उजव्या चाकावर येतो, म्हणाला. व्हिडिओत हे सांगितलं नव्हतं.
सांगितलं असणार. मी पुढे पळवून पाहिला होता.

२४ मार्च
लेक बोलायला लागली. बेअरिंग बाहेरून बघून कुणालाच कळत नाही, हे तिला सांगायला घेतलं. तिने पाणी मागितलं. मी पेला तोंडाशी नेला. म्हणाली, राहू द्या, आई आल्यावर पिईन. ही औषधं आणायला खाली गेली होती. रांग होती बहुतेक. ती येईपर्यंत पेला हातात धरून बसलो.