कडुनिंब बाहेर होता

मी, मालिनी इंद्रजित धारप, वय सत्याहत्तर, मूळ गाव वाई, १९८६पासून राहणार विकास नगर, लखनौ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला जोडला आहे. मला कोणी भरीस पाडलेले नाही. चिरंजीवांनी उलट पुष्कळ अडवले.

१. घर माझ्या नावे आहे. ते मुलगा धैर्यशील व मुलगी अनघा यांना समान हिश्श्याने मिळावे, परंतु कलम चारमधील काम झाल्यावरच. ते काम अनघाने करून घ्यावे. खर्च माझ्या ठेवीतून व्हावा.

२. नणंद प्रणिता हिच्याकडे माझी चांदीची अत्तरदाणी १९८१पासून आहे. ती तिच्याकडेच राहू द्यावी. आता मागू नये.

३. माझे पती कै. इंद्रजित बँकेत होते. रविवारी ते आमच्या गल्लीचे फोटो काढत. सुरुवातीच्या फोटोंत समोर नुसते गवत आहे, तीन घरे आहेत, विजेचा खांब एकही नाही. पुढे मजले चढत जातात आणि रस्ता अरुंद होत जातो. हे दोन्ही अल्बम नात सानिका हिला द्यावेत. तिला मराठी वाचायला जड जाते, म्हणून फोटोंमागची नावे मी हिंदीत लिहिली आहेत.

४. एक फोटो आता अल्बममध्ये नाही. तो १९८८च्या होळीचा. त्यात आमच्या कंपाउंडची भिंत आहे आणि कडुनिंब तिच्या बाहेर, रस्त्यावर आहे.

१९९३ साली आम्ही मोटार घेतली. ती आत मावेना, म्हणून ह्यांनी भिंत तीन फूट पुढे घेतली. झाड आत आले. कॉलनीच्या समितीचे सचिव सक्सेना यांनी सभेत हरकत घेतली. "धारप साहब, पेड़ तो सड़क पर था।"

हे म्हणाले, "पेड़ शुरू से अंदर है। मालिनी से पूछ लीजिए।"

सगळे माझ्याकडे वळले. मी म्हणाले, "अंदर ही था, भाई साहब।"

लोक हसले. सक्सेनांनी सचिवपद सोडले. २०१६मध्ये वारले, तोवर बाजारात जाताना ते पार्काला वळसा घालून जात; आमच्या फाटकावरून गेले नाहीत. ह्यांनी तो फोटो नष्ट करायला सांगितला होता. मी अल्बममधून काढला, पण फाडला नाही.

गेल्या जूनमध्ये सानिकाला तो कपाटात सापडला. "आजी, ये तो अपना नीम है। बाहर कैसे?" मी तिला सगळे सांगितले, मग धैर्यशीलला. तो म्हणाला, "आई, गल्लीत सगळ्यांनीच भिंती पुढे घेतल्यात. आपणहून कोण पाडतं?" सगळ्यांनी घेतल्या हे खरे आहे. पण त्यासाठी भर सभेत एका माणसाला खोटे मी पाडले.

फोटो घेऊन मी सक्सेनांच्या पत्नी सरला यांच्याकडे गेले. त्यांनी झाडाकडे पाहिलेच नाही. फोटोत सक्सेना रंगलेल्या तोंडाने हसत उभे आहेत. "ये ऐसे हँसते थे," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "धारप साहब का उन्हें उतना बुरा नहीं लगा था, भाभी।" पुढचे मी ओळखले. फोटो त्यांना दिला; त्याची प्रत सानिकाकडे आहे.

भिंत तीन फूट मागे घ्यावी. झाड तोडू नये. कॉलनीच्या ग्रुपवर फोटोची प्रत टाकून त्याखाली हिंदीत लिहावे, "सक्सेना साहब सच कह रहे थे।" हे हयातीत का केले नाही, याचे उत्तर एवढेच की धीर झाला नाही.

लखनौ, दि. ९ नोव्हेंबर २०२५
(सही) मालिनी इंद्रजित धारप

दोघा साक्षीदारांसमोर मी सही केली व त्यांनी माझ्यासमोर:
(सही) हर्षवर्धन निमकर, निवृत्त, वायुसेना
(सही) सरला सक्सेना

दुरुस्ती: श्री. निमकर यांनी मजकूर हिंदीत वाचून दाखवला, तेव्हा श्रीमती सक्सेना म्हणाल्या, "तीन नहीं, साढ़े तीन फुट। उन्होंने दो बार नापा था।" तरी कलम चारमध्ये तीनच्या जागी साडेतीन वाचावे. तिघांच्या सह्या.