आणखी काही

२ सप्टेंबर
खुर्ची खिडकीकडे पाठ करून ठेवत होते, तेवढ्यात मॅडम आत आल्या. ती हलवायची नाही, म्हणाल्या. तक्रार घेऊन येणारा माणूस उजेडाकडे तोंड करून बसला पाहिजे. मी जीभ चावली आणि खुर्ची जागेवर ठेवली.
एवढं सोडलं तर पहिला दिवस छान गेला. एचआरची खोली कारखान्याच्या हॉलच्या वर आहे. स्वच्छ, गार. दोन खुर्च्या, पाण्याचा जग. काचेतून खाली चिमणी दिसते. माझी धाकटी बहीण. पुठ्ठ्याची खोकी कापायच्या प्रेसवर असते. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर कमरेत वाकून म्हणाली, आता तुम्ही वरच्या मजल्यावरच्या, गरिबांची ओळख ठेवा बरं. बायका फिदीफिदी हसल्या. मीही हसले.

५ सप्टेंबर
मॅडमनी काम शिकवलं. मधे बोलायचं नाही. लिहून घ्यायचं नाही. माणूस थांबला की शांतपणे विचारायचं, आणखी काही? तो बोलतो. पुन्हा विचारायचं. तिसऱ्यांदा विचारलं की म्हणतो, काही नाही. मग त्याला पाणी द्यायचं.
मी विचारलं, आणि तक्रारीचं काय करायचं? मॅडमना प्रश्नच कळला नाही.

९ सप्टेंबर
पहिली तक्रार एकटीनं ऐकली. फिटर आला, दार आपटून. प्रेसची जाळी काढून ठेवलीय, पातं उघडं आहे. जाळीनं माल कमी निघतो म्हणून मॅनेजरनं काढायला लावली. हा बसवायला गेला तर चारचौघांत आईवरून शिवी. आज जाळी बसवीन, नाहीतर सगळं चव्हाट्यावर आणीन, म्हणाला. कपाळाची शीर ताडताड उडत होती.
मी विचारत गेले. तिसऱ्यांदा विचारल्यावर शीर बसली. पाणी प्यायला आणि म्हणाला, पोरी, तू बोलतेस फार छान. मी तर बोललेच नव्हते.
मागाहून खुर्ची पुसायला गेले. हाताला चटका बसला.

१२ सप्टेंबर
फिटर जिन्यात भेटला. जाळी बसवली का, विचारलं. कुठली जाळी, म्हणाला. ती समोर भिंतीला टेकवलेली होती. मला दिसत होती, त्यालाही दिसत होती. शीळ घालत गेला.
मी मॅनेजरकडे गेले. तुमचं काम वर, म्हणाला, मान वर न करता. मॅडमना सांगितलं. त्या खूश. बघ कसा निवळला, म्हणाल्या, कंपनी आपल्याला याचाच तर पगार देते.
पाण्याचा जग उचलून काचेवर फेकावासा वाटला.

१७ सप्टेंबर
रात्री घरी जेवताना चिमणी रागानं पेटली होती. आज बोट थोडक्यात वाचलं. जाळी बसल्याशिवाय मशीनला हात लावणार नाही, म्हणाली. उद्या सगळ्या बायकांना घेऊन गेटवर बसते, मॅनेजर असो नाहीतर त्याचा बाप. आई म्हणाली, आधी जेव, मग बापाकडे जा.
मी दमले होते. दिवसभर तेच शब्द तोंडात. आणखी काही, मी म्हटलं. ती बोलली. आणखी काही. ती बोलली. तिसऱ्यांदा तोंडातून निघालं तेव्हा माझं मला ऐकू आलं.
काही नाही, चिमणी म्हणाली. आणि पाणी मागितलं.

१८ सप्टेंबर
सकाळी तिला अडवलं. जाळी, तुझं बोट, गेट, सगळं सांगितलं. हसली. कसली जाळी गं ताई. मी दाराला कडी घातली. आईनं काढली. मोठी असून काय हा वेडेपणा, म्हणाली.
काचेतून बघतेय. पात्याखाली हात घालते, काढते. गुणगुणतेय. खाली धावले, तिला दंडाला धरून ओढलं. सुपरवायझरनं मला वर आणून सोडलं —

दुपार. हात गेला. उजवा. मनगटापासून.
ओरडली नाही. सगळे तेच सांगतात. ओरडली नाही.

१९ सप्टेंबर
मॅडमना जाब विचारणार. त्याआधी इथं लिहिते. जाळी त्यांनी काढली. राग आम्ही काढला. फिटरचा काढला, चिमणीचा मी काढला, माझ्या जिभेनं. माझा देणार नाही. हा माझा —

दुसऱ्या खुर्चीत मॅडम होत्या. मला हिच्यात, तक्रारवाल्यांच्या खुर्चीत, बसावं लागलं. वही मांडीवर आहे. मॅडमनी एकदा विचारलं. मी ओरडले, खालपर्यंत गेलं असेल. दुसऱ्यांदा. आता उत्तर द्यायचं नाही. लिहीत राहायचं. जाळी. हात. उजवा. जाळी. चिमणी. मॅडम पुढे वाकल्यात, हळूच —

२० सप्टेंबर
वेळेवर पोचले. प्रेसवर नवी मुलगी आहे, हाताची चपळ. खुर्ची पुसली. फार तापली होती, काल कोण बसलं होतं आठवत नाही. मग दवाखान्यातून आईचा फोन आला. रडत होती, मला वाट्टेल ते बोलत होती, त्या मॅनेजरला फाडून खाईन म्हणत होती. मी मधे बोलले नाही. ती थांबल्यावर विचारलं, आणखी काही?