कपाटाची दुसरी पाठ

अब्बा, तसबीर आज बाहेर काढली. स्वयंपाकघरातल्या कपाटातली सगळी भांडी उतरवली, सोनेरी काठाचा तो काचेचा सेट, जो ईदशिवाय कधी वापरला नाही, जमिनीवर मांडला, कपाट एकटीने ओढून भिंतीपासून पुढे घेतलं आणि मागच्या फळीचे स्क्रू एकेक करून काढले. कंबर धरली. तुम्ही गेलात तेव्हा तुमचं जे वय होतं, त्याच्या फार मागे नाही मी आता. हे लिहून पाठवणार कुठे, ते विचारू नका. कुणाशी तरी बोलायला हवं, आणि ज्याच्याशी रोज बोलते त्याच्याशी हे बोलता येत नाही, म्हणून तुम्ही.

कुवेतवर इराकी फौजा चढल्या त्या साली मी सातवीत होते. तुम्ही बगदाद, मग अम्मान, मग विमानाने मुंबई आणि शेवटी एस.टी.ने रत्नागिरी असे आलात, आणि स्टँडवर मी तुम्हाला ओळखलंच नाही. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली, खांद्यावर चादरीत गुंडाळलेली एक वळकटी. बाकीचे लोक हात हलवत आले होते, तुमच्याकडे निदान अंथरूण तरी होतं. दोन दिवस झोपून काढलेत. तिसऱ्या दिवशी उठलात ते थेट वखारीत जाऊन लाकूड घेऊन आलात आणि कपाट करायला घेतलंत. अम्मा दारात उभी राहून बघत होती. "ह्या कपाटाला पाठी दोन-दोन कशाला? वरची कौलं गळतायत ती बगा आदी!" तुम्ही मान वर न करता म्हणालात, भिंत दमट आहे, भांड्यांना ओल लागेल. "काचेच्या भांड्यांना ओल?" अम्मा हसली. ते पुढे कितीतरी दिवस ती शेजारणींना सांगत होती, की लढाईतून माणूस आला तो डोक्याने जरा हललाच आहे.

मग मांडवीच्या रस्त्याला तुम्ही फ्रेमचं दुकान टाकलंत आणि शाळा सुटली की मी तिथे. मुलीच्या हातात हातोडी बघून लोक बोलायचे, तुम्ही ऐकून घ्यायचात. लोकांचे देव आपण मढवले, नवरानवरीचे फोटो मढवले, वारलेले आजोबा मढवले. आपल्या घरात मात्र चेहऱ्याची तसबीर कधी लागली नाही. ज्या भिंतीकडे तोंड करून नमाज पढायचा तिथे माणसाचा चेहरा नको, असं तुम्ही म्हणायचात. एकदा मी घाईत एका म्हातारीचा जुना फोटो फ्रेममधून ओढून काढला आणि कोपरा फाटला. तुम्ही ओरडला नाहीत. दिवसभर तो कोपरा खळ लावून जोडत बसलात. दुकान बंद करताना मला समोर बसवून म्हणालात, "खिळे एकेक करून काढायचे. वाकलेला असला तरी फेकायचा नाय, डब्यात ठेवायचा. चित्र आपलं नसतं. आपल्याकडे नुसतं ठेवलेलं असतं." आणि तुमची ती छोटी पक्कड मला देऊन टाकलीत. अजून वापरते. आता फायबरच्या पट्ट्या आल्या, मोबाइलवरचे फोटो छापून आणतात लोक, तरी खिळे मी एकेक करूनच काढते.

म्हणून तर तो दुकानात आला त्या दिवशी कुणी मला काही सांगायची गरज पडली नाही. चारचौघांत मी नवऱ्याला 'हे' म्हणते, पण तुम्हाला लिहिताना 'तो'च येतंय. तुम्ही त्याला तेव्हाचाच ओळखता. देवरूखकडच्या गावातला, नुकता शाळेत मास्तर म्हणून लागलेला, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. काउंटरपाशी उभा राहून पाठ केल्यासारखं त्याने सगळं सांगितलं. त्याचे वडील कुवेतमध्ये एका शेठच्या घरी ड्रायव्हर होते. शेठचं कुटुंब उन्हाळ्याला परदेशी गेलं आणि इकडे लढाई सुरू झाली. घराच्या चाव्या वडिलांकडे. शिपायांनी त्यांना घराबाहेर काढलं आणि सगळं घर लुटून नेलं, गालिचे, दिवे, नळाच्या तोट्यासुद्धा. शेठ परत आला तेव्हा दिवाणखान्याच्या भिंतीवर एक रिकामी चौकट सरळ टांगलेली होती. आतलं चित्र गायब, शेठच्या वारलेल्या बहिणीने काढलेलं त्यांच्या आईचं. खाली फरशीवर, डब्याच्या झाकणात, सगळे खिळे नीट ठेवलेले. "शिपाई सुरीने कापून नेतो," तो म्हणाला, "खिळे काढत बसत नाय. शेठ म्हणाला हे घरच्या माणसाचं काम. आणि चाव्या माज्या बापाकडे."

मागे तुमचा रंधा चालू होता, तो थांबला. मी वळून बघितलं नाही. मी त्याच्या शर्टाच्या बटणांकडे बघत राहिले.

त्याच्या वडिलांना पुन्हा व्हिसा मिळाला नाही. गावाने त्यांना 'तसबीरवाला' म्हणायला सुरुवात केली, आणि आपल्याकडे एकदा नाव पडलं की ते कबरीपर्यंत सोबत येतं. त्याच्या बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं, तिचं जमायला पुढे सहा वर्षं लागली. म्हातारा झिजत झिजत वारला. आता मुलगा तसबीर शोधत होता, बापाचं नाव धुऊन काढायला. तुम्ही त्या घरी सुतारकामाला जायचात असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. तुम्ही भुसा झटकत पुढे आलात आणि म्हणालात, "मी कामापुरता जायचो, बाबा. मला काय म्हायती नाय." त्याला चहा पाजलात. संध्याकाळी घरी येताना मला बजावलंत की त्या पोराशी जास्त बोलायचं नाही. मी हो म्हटलं. तुम्हाला माझ्या बदनामीची काळजी नव्हती, हे आपल्या दोघांनाही माहीत होतं. तेरी भी चूप, मेरी भी चूप.

त्यानंतर वर्षभरात तुम्ही गेलात. चाळिसावा झाला, पाहुणे पांगले, आणि एका दुपारी मी मोजपट्टी घेऊन कपाटाशी बसले. बाहेरून खोली चौदा इंच, आतून बारा. त्या दोन इंचांत ती होती, दोन प्लायच्या मध्ये, कापूर आणि कडुलिंबाच्या पाल्यात, कुठे सुरकुती नाही. एक म्हातारी चटईवर बसून सुपात तांदूळ निवडतेय आणि कुणीतरी हाक मारल्यासारखी वर बघतेय. अब्बा, एवढं साधं चित्र. मला वाटलं होतं राणी असेल, महाल असेल. मी किती वेळ बघत बसले अल्ला जाणे. तुम्ही ती चोरायला नेली नाहीत, हे मला त्या पाल्यावरूनच कळलं. शिपाई हात लावतील म्हणून तुम्ही ती उतरवली असणार, त्या वळकटीत गुंडाळून वाळवंटातून आणली असणार, शेठला परत द्यायची म्हणूनच. आणि लढाई संपून शेठ परतल्याचं तुमच्या कानी येईपर्यंत तिकडे ड्रायव्हरचं नाव झालं असणार. मग परत देणं म्हणजे तोंड उघडणं आलं. तुम्ही नाही उघडलंत. चित्र जपलंत आणि माणूस मातीत जाऊ दिलात. याचा मला आजही राग येतो, आणि रागावताना मला माझंच तोंड दिसतं.

कारण मी फळी परत लावली. स्क्रू घट्ट पिळले.

आणि तो पुन्हा दुकानात आला तेव्हापासून वर्षभर मी त्याच्याबरोबर तीच तसबीर शोधत फिरले. अम्मा सोबतीला असायची, एस.टी.च्या खिडकीशी बसली की घाट लागायच्या आत झोपायची. कुवेतहून परतलेले खानसामे, शिंपी, माळी, गावोगावी जाऊन तो विचारायचा आणि मी वहीत लिहून घ्यायचे, अगदी मन लावून. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण कळसा काखेत आहे हे ठाऊक असून वळसा घालणारी मी एकटीच असेन. देवरूखच्या स्टँडवर तो उकडलेल्या शेंगांचा पुडा घ्यायचा, सोलून दाणे अम्माला आणि मला द्यायचा आणि टरफलं इकडेतिकडे न टाकता स्वतःच्या खिशात भरायचा. घरी जाईपर्यंत त्याचे दोन्ही खिसे फुगलेले. मला तो तिथेच आवडला, फुगलेल्या खिशांचा. प्रत्येक गावातून रिकाम्या हाताने निघालो की त्याचा चेहरा पडायचा, आणि माझ्या मनात यायचं, चला, म्हणजे पुढच्या रविवारी अजून एक गाव. मी सुखात होते, अब्बा. लाज वाटते सांगायला, पण आयुष्यातलं सगळ्यात सुखाचं वर्ष होतं ते.

एका रविवारी परतताना, अम्मा झोपलेली, त्याने विचारलं, "ही तसबीर मिळाली नाय तरी माज्याशी लगीन करशील?" मी लगेच हो म्हटलं.

स्वतःला काय सांगितलं ते ऐका. आधी सांगितलं, अब्बांची अब्रू आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. मग सांगितलं, अम्मा आहे तोवर नको, तिला सोसणार नाही. अम्मा गेली. मग मुलगी लहान होती, मग मुलीचं शिक्षण, मग मुलीचं लग्न. दर वेळी एक कारण संपलं की दुसरं तयार. आणि तो शोधतच होता. आधी पत्रं, मग सायबर कॅफे, मग मोबाइलवर रात्रंदिवस बोट. लिलावातली चित्रं, संग्रहालयांच्या याद्या, कुठल्याशा भाषेतली पानं. चष्म्याचा नंबर वाढला, साखर वाढली. लग्नानंतर तो आपल्याच घरी राहायला आला होता, रोज सकाळी त्याच कपाटातून स्वतःचा कप काढायचा आणि चहा पीत म्हणायचा, "आज एका नव्या ठिकाणी लिहून बगतो." एकदा त्याला नवं किचन करायचं होतं, शेजाऱ्यांकडे आहे तसं, सरकते ड्रॉवर वगैरे. मी कपाट हलवू देणार नाही म्हणून एवढी भांडले की दोन दिवस अबोला. शेवटी त्याने हात टेकले. तेव्हापासून पाहुण्यांना कौतुकाने सांगतो, "बापाची निशाणी हाय तिची. हात लावू देत नाय."

थकले मी. खोटं बोलण्याचं काही नाही, त्याची सवय होते. पण रोज सकाळी त्याची ती आशा बघायची, तिने थकले.

गेल्या आठवड्यात त्याला उत्तर आलं. इतक्या वर्षांत पहिलंच. शेठचा नातू लिहितो की आजोबा वारले, घरच्यांना आता हा विषय वाढवायचा नाही, आणि 'तुमच्या वडिलांना आम्ही माफ केलं आहे.' तो मला वाचून दाखवत होता. 'माफ'पाशी थांबला. मोबाइल पालथा ठेवला, चष्मा काढून पुसला. मग अगदी सहज आवाजात म्हणाला, "बहुतेक बापानंच नेली असंल गो. मी आपला उगाच." त्या दिवसापासून त्याने शोधणं सोडलं. मुलीचा फोन आला तर तिलाही म्हणाला, तुझ्या आज्याने चूक केली असेल, त्याला दुवा देत जा. हे मात्र मला गिळवेना. इतकी वर्षं लोक त्याच्या बापाला चोर म्हणत होते, तो नाही म्हणत होता. माझ्या चुप्पीने शेवटी त्याच्याही तोंडून ते वदवलं.

म्हणून आज कपाट ओढलं. तसबीर मागच्या प्लायसकट ओट्याला टेकवून उभी केली आणि त्याला हाक मारली. तो आला, दारातच थांबला. ती म्हातारी त्याच्याकडे बघत होती. त्याने चित्राकडे बघितलं, कपाटाच्या उघड्या पाठीकडे बघितलं, आणि मी म्हटलं, "अब्बांनी आणली होती. तुझ्या बाबांनी नाही." तो तिथेच खाली बसला, काचेच्या भांड्यांत. हुंदके देऊन रडला. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्याला असं रडताना पाहिलं नव्हतं. मग मोबाइल हुडकून बहिणीला फोन लावला. "बाबांनी नेली नव्हती गो! माजा बाप चोर नव्हता!" तीच दोन वाक्यं पुनःपुन्हा. उद्या जुम्मा आहे. नमाजानंतर गावच्या मशिदीच्या अंगणात उभं राहून सगळ्यांना सांगणार आहे. तुमचं नाव घेऊन सांगावं लागेल, त्याने माझी परवानगी मागितली. मी दिली. आता तसबीरवाले तुम्ही व्हाल, अब्बा.

फोन ठेवल्यावर त्याने मला विचारलं, "तुला कदी कळलं?"

मी म्हटलं, "आज. कपाट साफ करायला काढलं तेव्हा."

त्याने माझे दोन्ही हात धरले. म्हणाला, "सोताच्या बापाचं नाव सांगायला काळीज लागतं. दुसरी कुणी असती तर फळी परत लावली असती."

आता तो गावाला जायची पिशवी भरतोय आणि मी ओट्यावर हे लिहितेय. तो इकडे येईल तेव्हा हे कागद फाडलेले असतील. इतकी वर्षं म्हणत आले की तुमच्या अब्रूसाठी गप्प आहे. आज वेळ आली तेव्हा तुमची अब्रू देऊन टाकली, अब्बा, आणि माझी ठेवून घेतली.