सोनौलीपलीकडं आईचा फोन

१२ नोव्हें., बुधवार. अड्याळ

सकाळी आईचा फोन, सोनौलीहून. "बॉर्डर आली बाई. आता समोर नेपाळ." मागं तिच्या सोबतच्या कांताकाकूचं हसणं. नागपूरच्या पुढं कधी न गेलेली माझी आई बोधगया, सारनाथ, कुशीनगर करून आता लुंबिनीला. विहाराच्या दोन बसेस, मेश्रामकाका म्होरके.

पलीकडं आपलं सिम चालत नाही हे मला ठाऊक होतं. निघताना तिच्या फोनचं रोमिंग मीच बंद केलं. बिल येईल म्हणून. वर बजावलं, स्क्रीनवर काही विचारलं तर 'नाही' दाब, आणि दोन दिवस फोन नाही लागला तर घाबरायचं नाही. ती म्हणाली, "मी कायले घाबरतो?"

तिच्या सकाळच्या फुलांच्या फोटोंपासून गावाला दोन दिवस सुट्टी.

माझ्या अंगणवाडीत आज निम्मीच पोरं. धान कापणी चालू, आयांसोबत सगळी शेतात, बांधीत.

संध्याकाळी एक भलताच नंबर. +९७७. हल्ली कोणालाही फोन लावा, आधी रेकॉर्ड वाजते, बाहेरदेशच्या नंबरापासून सावध राहा. कापला. परत आला. कापला. तिसऱ्यांदा आला तेव्हा ब्लॉकच केला. राजू म्हणाला, "बरं केलं."

१३ नोव्हें., गुरु.

घाईत लिहिते आहे, अक्षर असंच येईल.

दुपारी राजूच्या फोनवर मेश्रामकाका. त्यांचाही नंबर +९७७, तिथं सिम घेतलं म्हणे. "जयभीम जावईबापू. ताराबाईचा काही फोन आला का?" राजूनं फोन माझ्या हातात दिला.

"काका, आई तुमच्यासोबत आहे ना?"

काका सांगू लागले, तुटक तुटक. काल लुंबिनीत खूप गर्दी. महाराष्ट्रातल्याच चार-पाच बसेस, सगळ्या बाया पांढऱ्या साडीत. निघताना पहिल्या बसला वाटलं ती दुसरीत आहे, दुसरीला वाटलं पहिलीत. मुक्कामी पोहोचल्यावर कळलं. रात्रभर शोधलं, पोलिसांत सांगितलं.

"मग काल काहून नाही सांगितलं?"

"वाटलं सापडून जाईल, बाई. तुले उगाच घोर."

तेव्हा कालचा तो नंबर आठवला.

ब्लॉक काढला, लावला. रेकॉर्ड: ही सेवा उपलब्ध नाही. बाहेरदेशी फोन लागायला वेगळा पॅक लागतो. चौकातल्या मोबाइल दुकानात धावले. त्याला कधी असला पॅक मारायची वेळच आली नव्हती, शोधत बसला. शेवटी फोन लागला. बॉर्डरपलीकडच्या भैरहवा गावातला चहावाला.

"सफेद साड़ी वाली अम्मा? हाँ, हमारे फोन से लगाया था. उधर से किसी ने काट दिया."

किसी ने. मीच ती.

भलत्याच गावच्या लोकांच्या बसमध्ये चढली होती म्हणे. त्या लोकांच्या लक्षात आलं तेव्हा भैरहवाला उतरवून दिलं. चहावाल्यानं तिला बॉर्डरच्या गाडीत बसवलं. पुढं काय, त्याला माहीत नाही. तिला एकच नंबर पाठ आहे, माझा, आणि मी तोच लागू दिला नाही.

मग कस्टमर केअर. तिच्या नंबरचं रोमिंग चालू करा. "मॅडम, ओटीपी त्याच नंबरवर जाईल." तो फोन बंद आहे, म्हणूनच तर. "मग खातेदाराशी बोलणं करून द्या." अरे बाबा, खातेदाराशी बोलता आलं असतं तर तुला कशाला फोन केला असता! पलीकडच्या मुलीचं पुन्हा तेच वाक्य पहिल्यापासून. मी तिच्यावर ओरडले. तिचा काय दोष.

आईला मेसेजवर मेसेज. सगळ्यांना एकच टिक.

राजू कापलेलं धान तसंच सोडून आला. निघतो आहोत. नागपूर, तिथून गोरखपूर.

१४ नोव्हें., शुक्र. गाडीत

जंगल आलं की नेटवर्क जातं. तेवढ्या वेळात तिचा फोन आला तर? डब्याच्या दारात उभी राहते, फोन बाहेर धरून. राजू ओढून आत आणतो. "पडशील. मंग एका माणसानं काय दोघीले शोधावं?"

तो माणूस म्हणजे तो स्वतःच. घाबरला की असंच बोलतो.

मेश्रामकाकांचा राग येतो. तेही रडत होते फोनवर, तरी येतो. आईचाही येतो. कांताकाकूचा हात धरून राहायला काय झालं होतं? मग माझ्यावर येतो आणि तिथंच थांबतो.

तिच्या गोळ्या तिच्या पिशवीत आहेत का बसमध्येच राहिल्या, हे कोणाला धड सांगता येत नाही. साखर वाढली की तिला भोवळ येते. मला फार भीती वाटते आहे. लिहिलं की कमी होईल वाटलं होतं.

१५ नोव्हें., शनि. सोनौली

एक रस्ता, त्यावर कमान, कमानीपलीकडं दुसरा देश. लोक भाजी घेऊन ये-जा करतात. एवढंच? यासाठी फोन मरतो?

पोलीस चौकी, धर्मशाळा, बसस्टँड, सगळीकडं तिचा फोटो दाखवला. नाही. मेश्रामकाका भैरहवाकडं शोधतात, इकडं आम्ही. विहाराच्या दोन्ही बसेस परत निघाल्या, कांताकाकूनं फोनवर माफी मागितली. मी फोन राजूच्या हातात दिला.

सिमवाल्याकडं गेलो. म्हणाला, इधर का टावर थोड़ा उधर भी पकड़ता है, कभी कभी. म्हणजे ती कमानीच्या जवळपास आली तर आपलं सिम आपोआप लागेल, अलीकडं असो की पलीकडं. हे ऐकून राजूनं त्याचे पायच धरायचे बाकी ठेवले.

माझ्या नंबरवर रोमिंग घेतलं. चालू झालं म्हणून मेसेजही आला. कमान ओलांडून थोडं पुढं गेले. नेटवर्क नाही. सिम काढून घातलं, फोन बंद-चालू केला, हातानं नेटवर्क निवडून पाहिलं. नाही. अलीकडं आले की लगेच नेटवर्कचे दांडे भरले.

१६ नोव्हें., रवि.

सकाळी लॉजच्या पायरीवर बसले होते. फोन वाजला, मग वाजतच राहिला. आईच्या नावानं एकामागून एक व्हॉइस मेसेज. इतक्या दिवसांचे अडकलेले, सगळे एकदम सुटले.

राजू आणि मी एकाच फोनला कान लावून.

पहिला: "पोहोचलो बाई. लई शांत वाटते इथं. कांता नुसते फोटो काढून राहिली."

मग: "ह्या बाया आपल्या नाहीत. मी भलत्याच गाडीत बसलो वाटते. मेश्रामले फोन लाव ना."

मग, चहाच्या दुकानातला असणार, भांडी वाजतात: "इथल्या माणसाच्या फोनवरून लावला होता. तू कापला. कामात असशील."

त्यानंतरचे दोन नुसतेच, रस्त्याचे आवाज, तिचा श्वास. बटण दाबून बोलायचं विसरली असेल.

शेवटचा: "एका बाईनं घरात घेतलं. भात खाल्ला. पाय सुजले, बाकी बरी आहो. गावाचं नाव सांगते ते मले समजत नाही. फोन लाल दाखवून राहिला, बंद करून ठेवतो. तू इतक्या दिवसाची बोलून काहून नाही राहिली? रागात आहे का? टाइम भेटला की बोल."

तिला वाटलं मी सगळं ऐकते आहे. ऐकून गप्प आहे.

लगेच लावला. रिंग गेली. पूर्ण गेली. दुसऱ्यांदा लावला तर बंद.

पण लागला, म्हणजे टॉवरच्या टप्प्यात आहे. अलीकडं सगळं पाहून झालं, आणि गावाचं नाव तिला समजत नाही. राजू म्हणतो पलीकडं. मलाही तसंच वाटतं.

आता अडचण ही. पलीकडं शोधायला गेले तर माझा नंबर मरतो, आणि ती फोन चालू करील तेव्हा माझाच लावेल. अलीकडं बसून राहिले तर तिकडं तिला शोधणार कोण? राजू म्हणाला, "मी जातो." पण तो घरोघरी जाऊन बायांना विचारणार कसा, आणि अनोळखी दारासमोर हाक मारली तर आई माझ्याच आवाजाला बाहेर येईल.

राजूच्या फोनमध्ये नेपाळी सिम टाकलं, तो मी नेते. माझा फोन त्याच्याजवळ. चार्जर, पॉवर बँक, सगळं त्याच्या खिशात. कमानीच्या अलीकडं ज्या जागी दांडे भरतात तिथंच त्याला उभं केलं, तिथून हलायचं नाही.

"मी काय बोलू त्यायच्याशी?" म्हणाला. सासूशी तो कधी दोन वाक्यांवर बोललेला नाही.

"काही पण बोल. म्हणावं ती रागात नाही. आणि कोणाचाही नंबर येऊ दे, कुठलाही, उचल."

मान हलवली त्यानं. माझा फोन दोन्ही हातांत धरून उभा आहे. वहीसुद्धा त्याच्याकडंच देते आणि निघते.