एकटी फाइल

सोमवार, ३ फेब्रुवारी

ही वही ताईनं दिली. संघमित्राताई मंठ्याला शाळेत शिकवते. म्हणाली, रोज चार ओळी लिही, नाहीतर आठवीपर्यंतचंही विसरशील. तर लिहितो.

आज कामाला लागलो. साकीनाका, इस्टेटचा दुसरा माळा, गाळा नंबर नऊ. आत एसी आहे! तीन वर्षं विटा उचलल्या, आज पहिल्यांदा चाकाच्या खुर्चीत बसलो आणि गरगर फिरून घेतलं. झोपायला वर पोटमाळा. शेजारच्या गाळ्यात लेथ मशीन चालते, दिवसभर करकर, ओरडून बोलावं लागतं.

मालक भाऊराव, पार्ल्याचे. माझ्यासोबत प्रीतम, वेंगुर्ल्याचा, राहायला घाटकोपर. तोंडात शिवी आणि माणूस सोनं. काम असं: मुलुंड, बोरिवली, अंधेरीच्या सोसायट्यांच्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग नेटवरून उतरवून आपल्या डिस्कवर ठेवायचं. इथं डाउनलोड कुणी म्हणत नाही. ‘ओढ’ म्हणतात. मुलुंडचं ओढलंस का, बोरिवलीचं ओढायला लाव.

भिंतीवर भाऊरावांच्या हातची पाटी आहे: फाइल एकटी ओढू नये. म्हणजे जोडीला माणूस पाहिजे. बरंच आहे, मला एकटं करमतच नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

एका वेळी आठ फायली लावायच्या. मी सगळ्या मोकळ्या सोडल्या तर बोरिवलीच्या जाड फाइलीनं सगळं नेट खाल्लं, बाकीच्या सात लटकल्या. मी नेटला शिव्या दिल्या. प्रीतम म्हणाला, “गप रव, मेल्या. चाळीतलो नळ बघलंस मां? खालच्यान पुरो सोडलो तर वरच्याक थेंब नाय.”

मग त्यानं शिकवलं. पाइप एकच, तोंडं आठ. जाड फाइलीला लिमिट घालायची. बारक्या पुढं काढायच्या, त्या संपल्या की त्यांचं नेट आपोआप उरलेल्यांना मिळतं. दुपारपर्यंत मला जमलं. भाऊरावांनी चहा पाजला.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

यादीत एक फाइल आली, आमच्यापैकी कुणी लावलेली नाही. नाव ‘गाळा ९, कॅमेरा १’. गाळा नऊ म्हणजे आमचाच. पण आमच्याकडं कॅमेरा नाही. छत पाहिलं, कोपरे पाहिले.

हिला लिमिट लागत नाही. पॉज होत नाही, डिलीट केली की परत येते. बाकीच्या सातांनी जेवढं उरवलं तेवढं खाते. भाऊरावांचा चेहरा उतरला. म्हणाले, सात चालू ठेव, उघडून बघू नको. आणि घरी निघून गेले.

मी बघितली. बावीस टक्के उतरली होती तेवढी चालली. हीच खोली, वरून घेतलेली. लाल चौकडीच्या शर्टाचा एक माणूस, पाठमोरा. कुणीतरी त्याला केसांना धरून दाराकडं ओढतंय. धरणारा दिसत नाही, नुसते मूठभर केस ताठ झालेले दिसतात. माणसानं टेबलाचा पाय धरला. तिथंच थांबली.

प्रीतमला सांगितलं तर म्हणाला, मोबाइल कमी बघ.

शनिवार, ८ फेब्रुवारी

आजचं आजच लिहितो.

प्रीतम आज नवा शर्ट घालून आला. संध्याकाळी भांडुपला मुलगी बघायला जायचं होतं, शेवंती नाव. अत्तर मारलेलं. मी त्याला नवरोबा म्हणून चिडवत होतो. लाल चौकडी माझ्या डोक्यात आलीच नाही.

दुपारी बाकीच्या फायली संपल्या. ती एकटीच राहिली, एकेचाळीस टक्के. मी म्हटलं, पूर्ण नेट मिळतंय तर होऊन जाऊ दे, पीडा जाईल. पाटी आठवली. म्हणून प्रीतमला हाताला धरून शेजारी बसवलं.

आकडा पळत सुटला. पन्नास. साठ. प्रीतमचं डोकं मागं गेलं. केस ताठ उभे. खुर्चीवरून खाली पडला आणि ओढला जायला लागला. त्यानं टेबलाचा पाय धरला, नखं उलटली. मी त्याच्या कमरेला मिठी मारली, मीही घसरत गेलो. लोखंडी कपाटावर त्याचं डोकं आपटलं. परत. परत. तिसऱ्यांदा आवाज ओला आला. तो ओरडत होता, शेजारी लेथ चालू होती. दारापाशी केसांसकट कातडी सुटली, तर त्याला जबड्याला धरलं. शर्टाची बाही माझ्या हातात राहिली.

मालाच्या लिफ्टच्या खड्ड्यात सापडला. स्क्रीनवर शंभर.

रविवार, ९ फेब्रुवारी

पोलीस म्हणतात, पाय घसरून पडला. मला संध्याकाळपर्यंत बसवलं, मुंबई सोडू नको म्हणाले. बाही त्यांनी घेतली.

ताईला फोन केला. रडत सगळं सांगितलं. म्हटलं, पाटीत होतं तसंच केलं, एकटा नव्हतो. ताईनं पाटी वाचून दाखवायला लावली. मग पुन्हा एकदा वाचायला लावली. म्हणाली, “एकट्यानं नाही रे, एकटी लिहिलंय. एकटी म्हणजे फाइल.”

एका शब्दाचा फरक. मी ओढला त्याला.

भाऊरावांचा फोन बंद.

सोमवार, १० फेब्रुवारी, सकाळ

‘गाळा ९, कॅमेरा २’. नऊ टक्के. उघडली. खुर्चीत मी. समोर ही वही.

पळालो. नाक्यापर्यंतही पोचलो नाही, टाळूला हिसका बसला, रस्त्यावर उताणा. लोक हसले. आलो परत. यादीतल्या दोन फायली तेवढ्यात संपल्या होत्या. मी गेलो तर बाकीच्याही संपतील, मग ही एकटी.

गाणी लावली. पिक्चर लावले. गेम लावले. जे जाड दिसेल ते. एक संपली की दुसरी. उठायचं नाही.

दुपार

नेटची वायर उपटून बघितली. बाकीच्या थांबल्या. ही नाही. एकतीसची अडतीस झाली, वायर परत घालेपर्यंत. वहीवर केस पडलेत, मुळासकट. कानात रक्त.

जाड फायली. अजून जाड.

चार वाजता

प्रीतमनं नळ सांगितला होता. डिस्कचं नाही सांगितलं —

डिस्क भरली. नवीन फाइल घेत नाही. चालू होत्या त्या लाल होऊन बंद पडतायत, एकेक —

जुनं डिलीट करतोय. वेळ लागतो. सहा बंद. एक चालू. बोरिवलीची. चल बाई, चल —

तीही —

साठ. मान मागं. दिसत नाही नीट, अंदाजानं लिहितोय. टेबलाच्या पायाला पट्ट्यानं हात बांधला. डावा. लेथ चालूच —

खांदा निखळला. हात तिथंच, मी पुढं —

पुढं इथं जो येईल त्यानं पाटी नीट वाचावी. एकट्यानं नाही. फाइल. फाइल एक