बंदुकीची चावी तात्यांकडे

आबा, तुमची दुनळी बंदूक काल मी ठाण्यात कायमची जमा केली. चिडू नका, चिडलात तरी आता उपयोग नाही, पावती माझ्या खिशात आहे. हवालदारानं विचारलं, "निवडणुकीपुरतीच ठेवायची न्हवं, मास्तर?" म्हटलं, कायमची. तो माझ्याकडे बघतच राहिला. "हितं परवान्यासाठी वशिले लावत्यात, आन् तुम्ही सोडायला आलाय व्हय!"

उसात शिरणाऱ्या रानडुकरांसाठी तुम्हाला ती मिळाली होती. डुकरांना तिचा काही त्रास झाल्याचं मला आठवत नाही. झाला तो मांडवाला. तुमच्या धाकट्या भावाचं, म्हणजे आमच्या तात्यांचं लग्न. वरात निघताना तुम्ही हौसेनं बार काढलात आणि मांडवाच्या कापडाची चाळण झाली. एक छर्रा बँडवाल्याच्या टोपीतून गेला. सगळे हसले, आई सोडून. दुसऱ्याच दिवशी तिनं वाटणी केली: बंदूक तुमच्या कपाटात, काडतुसं तिच्या शेवयांच्या डब्यात आणि कपाटाची चावी बोळापलीकडं, तात्यांच्या घरी. पुढं मी इतकी वर्षं शास्त्रं घोकली, पण राग आणि काडतूस यांच्यात किती अंतर ठेवावं हे एकाही भाष्यकारानं सांगितलेलं नाही. आईनं ते एका बोळात बसवलं होतं.

मग तो बांधाचा दिवस. तात्यांनी बांध हातभर सरकवला म्हणून तुम्ही शेतातून लालेलाल होऊन येता, कपाट हिसकता, ते उघडत नाही. तसेच बोळ ओलांडता. मी मागोमाग. तात्या ओसरीवर दाढी करतायत, अर्ध्या तोंडाला फेस.

"चावी दे."

"कशाला?"

"तुला गोळी घालायला!"

"व्हय? आन् काडतूस वैनीनं दिलं का?"

तुम्ही वळून आमच्या दाराकडं बघता.

"न्हाय न्हवं? मग बस की, दादा. च्या सांगतो. माझी दाढी तरी पुरी हुंदे, असा अर्धामुर्धा कसा मरू?"

तुम्ही बसलात. चहा बशीत ओतून, फुर्रकन. दुसऱ्या कपाला बांध मोजून घ्यायचं ठरलंसुद्धा.

तुमचा नातू मात्र फुरंगटलाय. "घरची शान हुती की, पप्पा! दोस्ताच्या वरातीत एक बार तरी काढला असता." मी विचारलं, तो बँडवाला चार बोटं उंच असता तर? तेव्हापासून तो वरातीचं नाव काढत नाही. कागदपत्रांची कटकट नको म्हणून बंदूक दिली, असं मी त्याला सांगितलंय, तात्यांच्या मुलाला, माझ्या चुलतभावालाही तेच.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. काडतुसं गेल्यानं शेवयांच्या डब्यात जागा झालीय, तिथं ठेवीन. म्हणून तेवढं एक कबूल करतो. पंधरवड्यापूर्वी चुलतभावानं तोच बांध पुन्हा सरकवला आणि मीही तणतणत बोळ ओलांडून गेलो. तुम्ही गेलात, आई गेली, तात्या गेले; भाऊ सहकुटुंब बाहेर. चावी दाराशी खिळ्याला लटकत होती. 'कशाला?' म्हणून विचारायला कुणीच नव्हतं, आबा. कपाट उघडून मी शेवयांच्या डब्यापर्यंत पोचलो होतो. मग चहा मीच टाकला. साखर दोनदा पडली, तरी पूर्ण प्यालो.